टाकीच्या टेकडीवरची वाट

घरात, दुकानात आणि इमारतीच्या जिन्यावर सगळे त्याला भागूबाई म्हणत. अंगानं तो चांगला दणकट, आवाजही भारदस्त, पण जीव मात्र चिमणीएवढा. लिफ्ट मध्येच अडकेल म्हणून तो जिन्यानं चढायचा आणि जिन्यात कुत्रं बसलेलं असेल म्हणून आधी खालून टाळ्या वाजवायचा. चष्म्यांच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून त्या फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्याचं काम. ती खोली त्याला आवडायची. तिला एकच दार होतं आणि तिथून कोण येतंय ते बसल्या जागेवरून दिसायचं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. "आमच्या जावयांनी दूध तोंडाला लावलंच नाही," त्याची सासू म्हणायची, "नुसतं ताकच फुंकत बसलेत." ती त्यांच्याकडेच राहायची. गुडघे गेलेले, हातात काठी, पण जीभ धडधाकट. बायको हॉस्पिटलात नर्स होती. तिच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे घरात ती कधी असेल याचा भरवसा नसायचा. आणि एक मुलगी, दुसरीत शिकणारी. थंडीत तिला न्यूमोनिया झाला आणि ती इतकी वाळली की आजी तिला काडी म्हणायला लागली.

डॉक्टरांनी काडीची छाती तपासली आणि बापाकडे पाहिलं. "हिला घरात कोंडून ठेवू नका. मोकळ्या हवेत चालवा. फार चढ नको, धूळ नको, पण चालणं हवंच."

"चालायचं कुठे?" त्यानं घरी आल्यावर बायकोला विचारलं. खालच्या रस्त्याला फुटपाथच नव्हता. दिवसभर ट्रक जायचे. बाग खणून ठेवलेली, तिला पत्रे लावलेले.

"अहो, गाव एवढंच आहे का?" बायको ड्यूटीचे बूट घालत म्हणाली. "मागे टेकड्या आहेत, कालवा आहे. सोमवारी तुम्हाला सुट्टी असते. शोधा की एखादी वाट, लेकराला आणि आईला झेपेल अशी."

तो शोधायला निघाला, जीव मुठीत धरून.

पहिल्या सोमवारी कालव्याच्या काठानं गेला. वाट सपाट होती, सावलीही होती, पण पाण्याला कठडा नव्हता. काडी पाय घसरून पडते आहे, हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की तो अर्ध्यातून परतला. पुढच्या वेळी लाकडाच्या वखारीमागची पायवाट धरली. तिथे कुत्र्यांनी त्याला असं काही पळवलं की चप्पल तिथेच राहिली. नंतर त्याला टाकीची टेकडी सापडली. टेकडीच्या माथ्यावर पाण्याची टाकी होती. तिच्यापर्यंत पाइप नेण्यासाठी कधीतरी रुंद वाट काढलेली, ती टेकडीला वळसा घालत हळूहळू चढायची. गाड्यांना बंदी. दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये मध्ये बसायला सिमेंटचे ठोकळे.

त्याला वाट पसंत पडली म्हणून तो आणखी घाबरला. सोमवारमागून सोमवार तो एकटाच तिथे जात राहिला. कुठे फोन लागतो ते पाहिलं. झुडपांत काठीनं खसफस करून साप आहे का ते पाहिलं. एकदा तर काडीच्या उंचीवरून वाट कशी दिसते ते बघायला तो गुडघ्यांवर बसून पुढे सरकत होता. फिरायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काही हरवलंय का?"

"नाही," तो म्हणाला. "अजून काही नाही."

एका वळणावर वाटेखालून सिमेंटचा मोठा पाइप जात होता, वरच्या अंगाचं पाणी खाली ओढ्यात काढून द्यायला. त्यातही तो डोकावला. आत कोरडा पाचोळा होता. दगड टाकून पाहिला, आतून काही सळसळलं नाही. सापाचा विचार त्यानं केला. लेकराचा केला नाही.

शेवटी एका बुधवारी, शाळेला आणि दुकानाला एकदमच सुट्टी आली तेव्हा, त्यानं काडीला आणि सासूला घेऊन टेकडी गाठली. बायको ड्यूटीवर होती. ऊन कोवळं होतं. काडी पुढे उड्या मारत चालली होती आणि दर चार पावलांनी त्याची हाक: "काडी, मध्ये चाल! काडी, दगड आहे!"

"जावईबापू," सासू म्हणाली, "तिला श्वास तरी घेऊ द्या. त्यासाठीच आणलंय ना?"

त्या वळणाजवळ सासूच्या बुटाची नाडी सुटली. तिला वाकता येईना, म्हणून तिला ठोकळ्यावर बसवून तो नाडी बांधायला खाली बसला. घट्ट बांधली, वर आणखी एक गाठ मारली. मान वर केली तर वाट रिकामी.

"काडी?"

लपाछपी खेळत असेल, असं सासू म्हणाली. त्यानं झाडांमागे पाहिलं, वळणापलीकडे पळत जाऊन पाहिलं. मग पायाखालून, जमिनीतूनच आल्यासारखा, बारीक आवाज आला.

"बाबा..."

तो उतारावरून घसरतच खाली गेला. पाइपच्या तोंडाशी तिची टोपी पडलेली. आत पाहिलं तर अंधार आणि पार दुसऱ्या टोकाला उजेडाचा गोल. त्या गोलात काडीचं डोकं. ती खालून शिरून वर बाहेर पडायला गेली होती, पण वरच्या तोंडाला लोखंडी गज होते. आता तिला ना पुढे जाता येईना, ना मागे वळता येईना.

"मागे ये बाळा! रांगत मागे ये."

"मला नाही येत. अंधार आहे मागे."

आणि तेवढ्यात टेकडीच्या वरच्या अंगानं एक आवाज सुरू झाला. आधी खळखळ, मग घरघर. त्याला क्षणभर काही कळेना. मग पाचोळा वाहवत पाण्याचा पहिला पातळ ओघळ त्याच्या बोटांपाशी आला, आणि त्याला कळलं. वर टाकी धुवायला काढली होती. तो सोमवारी यायचा. टाकी बुधवारी धुतात हे त्याला कुठून माहीत असणार?

"आई, वर जा! पाणी बंद करायला सांगा! पोरगी आत आहे!"

सासूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि काठी आपटत, ओरडत ती चढ चढायला लागली.

तो पाइपच्या तोंडाशी उभा होता. पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, पण पाय उचलेनात. लिफ्टमध्ये न जाणारा माणूस तो. तो पाइप त्याच्या खांद्यांना जेमतेम पुरणारा. कुणीतरी येईल म्हणून त्यानं चक्क वाटेकडे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. आत काडी किंचाळली. तेव्हा तो शिरला.

आत शिरल्यावर मागचा उजेड त्याच्याच अंगानं बंद झाला. कोपरं सिमेंटवर सोलवटत होती. पाणी थंडगार, आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. त्याला श्वास घेता येईना. आपण इथेच अडकणार, आपल्या धडानंच हे पाणी तुंबणार आणि लेक बुडणार, हा विचार एकदा आला आणि जाईचना. तो तोंडानं काहीतरी बडबडत होता. देवाचं नाव घ्यायला गेला तर तेही त-त-प-प झालं.

त्याचा हात तिच्या बुटाला लागला. तिनं गज घट्ट धरले होते आणि पाणी तिच्या छातीवर आपटत होतं.

"सोड गज. मी धरलंय तुला."

"नाही! मला भीती वाटते!"

खोटा धीर द्यायलाही त्याच्याजवळ काही नव्हतं. "मलाही वाटते गं," तो रडतच म्हणाला. "खूप वाटते. मला एकट्याला मागे जायची भीती वाटते. तू चल माझ्याबरोबर."

बापाचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. मग तिनं एक हात सोडला, मग दुसरा, आणि पाण्याच्या लोटासरशी ती थेट त्याच्या तोंडावर येऊन आदळली. त्यानं तिला छातीशी दाबलं. तिचं तोंड पाण्याच्या वर धरून तो पायांनी चाचपडत मागे सरकू लागला. एकदा शर्ट कशात तरी अडकला. त्या क्षणी त्याला ब्रह्मांड आठवलं. त्यानं जोर लावला, शर्ट टरकला आणि दोघं ओढ्याच्या दगडांवर येऊन पडली.

पाण्याचा जोर थोड्या वेळानं ओसरला. सासू टाकीवरच्या माणसाच्या हाताला धरून उतरत आली. तिची काठी वरच राहिली होती. तिनं नातीच्या अंगावरून नुसता हात फिरवला, मग जावयाच्या ओल्या डोक्यावरूनही फिरवला.

"बाबा, तुझे दात वाजतायत," काडी म्हणाली.

तो बाजूला गेला आणि त्याला ओकारी झाली.

संध्याकाळी बायको आली. सगळं ऐकताना ती मुलीचे केस पुसत होती; ते कधीच कोरडे झाले होते, तरी पुसत राहिली. छाती तपासून घेतली, बरी होती. रागावली मात्र नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्यानंतर सोमवारी तो घरातच बसू लागला. दुकानात एकच काच तो पुन्हा पुन्हा घासत बसायचा. घराच्या खिडकीबाहेर ट्रक धूळ उडवत जायचे आणि काडी पुन्हा खोकायला लागली होती. एक दिवस सासू त्याच्याशेजारी गॅलरीत येऊन बसली.

"मला अजून त्या पाण्याचा आवाज येतो," ती म्हणाली. "डोळा लागला की येतो. तुम्हाला?"

"मला जागेपणीही येतो, आई."

"म्हणजे आता आपण दोघं." तिनं खालच्या ट्रकांकडे बोट दाखवलं. "पण त्या वाटेसारखी दुसरी वाट नाही हो."

दुसऱ्या दिवशी तो पाणीखात्याच्या ऑफिसात गेला. त्यांनी उद्या या म्हटलं. तो उद्याही गेला, परवाही. दारात उभं राहताना त्याची छाती धडधडायची, साहेबांसमोर घाम फुटायचा, पण जात राहिला. शेवटी त्यांनी पाइपच्या खालच्या तोंडालाही गज बसवले. ते बसवताना तो स्वतः तिथे उभा होता आणि मागाहून त्यानं एकेक गज हलवून पाहिला.

मग ती तिघं पुन्हा टेकडीवर जाऊ लागली. इमारतीतल्या दोन-तीन आयाही पोरांना घेऊन यायला लागल्या. त्याची भीती गेली, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. वळण आलं की त्याच्या तळव्यांना घाम येई आणि पाइपजवळून जाताना तो काडीचा हात इतका घट्ट धरी की ती ओरडे.

उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा बायकोला सुट्टी मिळाली आणि तीही आली. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला वाट सरळ होते, तिथे तिनं काडीला सांगितलं, "जा, पळ." आणि त्याचा हात आपल्या हातात धरून ठेवला. काडी पळाली. झाडांमागे तिचा फ्रॉक दिसला, दिसला आणि मग दिसेनासा झाला. बायकोचा हात त्यानं दाबला, पण जागचा हलला नाही.

"बाबा," पलीकडून हाक आली, "इथून आपलं घर दिसतं!"

"मागे सरक!" तो ओरडला. "कडेला जाऊ नकोस! आलोच मी!"