भाचीसाठी शिखरिणी

दादाला मुलगी झाली तेव्हा मी दिल्लीत मुनिरक्याला एका भाड्याच्या खोलीत राहून यूपीएससीचा अभ्यास करत होते. माझा वैकल्पिक विषय मराठी साहित्य. मुख्य परीक्षा दोनदा दिली होती, मुलाखतीपर्यंत एकदाही पोचले नव्हते. दादा-वहिनी मयूर विहारला राहायचे. दादाने फोन करून सांगितलं, "नाव आत्यानं ठेवायचं असतं. आणि मराठीवाली तूच आहेस. शोध काहीतरी."

वहिनीच्या अटी दोनच होत्या. नाव जुनं चालेल, म्हातारं नको. आणि सोसायटीत दुसऱ्या कुणाचं नसावं. त्यांच्या इमारतीत एकाच नावाच्या तीन मुली होत्या. खालून कुणी हाक मारली की तिघी गॅलरीत यायच्या.

मी आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर नावं लिहीत गेले. नद्या, रागिण्या, नक्षत्रं. मग वृत्तांच्या प्रकरणाशी आले. मालिनी, शालिनी नावाच्या बायका आमच्या ओळखीत होत्या. शिखरिणी कुणीच नव्हती.

रविवारी मेट्रोने मयूर विहारला गेले. बाळ रडत होतं, वहिनीचे केस दोन दिवस विंचरलेले दिसत नव्हते. मी नाव सांगितलं.

"म्हणजे काय?"

"वृत्त आहे. ओळीत सतरा अक्षरं. सहाव्या अक्षरावर जरा थांबायचं."

"म्हणून दाखव."

मी मांडीवर ताल धरून म्हटलं, "लगागागागागा, ललललल गागा लललगा."

बाळ रडायचं थांबलं नाही, पण वहिनी हसली. बाळंतपणानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

दादा म्हणाला, "यार, दिल्लीत कोण म्हणणार हे? शाळेत शिखा करून टाकतील."

"करू दे," वहिनी म्हणाली. "तुझं पूर्ण नाव ऑफिसात कोण घेतं?"

मग साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. नाव ऐकताच ती म्हणाली, "अगं, शिखरिणी म्हणजे श्रीखंड! आमच्या संस्कृतच्या बाईंनी सांगितलं होतं."

मी फोनमध्येच शब्दकोश उघडला. आई बरोबर होती. वृत्त होतंच, उत्तम स्त्री असाही अर्थ होता, आणि दही-साखरेचा पदार्थही होता. दादा पोट धरून हसला. मला मात्र लाज वाटली. दोन वर्षं हाच विषय घेऊन बसले होते आणि हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, दुसरं शोधते.

"नको. हेच," वहिनी म्हणाली. "मला श्रीखंड आवडतं."

बारशाला मी बाळाच्या कानात नाव सांगितलं.

जन्मदाखल्याचा फॉर्म दादाने ऑफिसच्या कॅबमध्ये फोनवर भरला. फोनने नावाचं स्पेलिंग परस्पर सुधारलं आणि त्याने न बघता पाठवून दिलं. दाखल्यावर नाव आलं, शिखा रानी. वहिनी तो कागद हातात घेऊन रडली. दादाला सुट्टी मिळेना. तो मला म्हणाला, "तुला वेळ आहे ना?"

पूर्वपरीक्षेला दीड महिना राहिला होता. हे त्याला माहीत होतं की तो विसरला होता, मी विचारलं नाही. मला ते लागलं, पण नाव दुरुस्त करायला महापालिकेच्या कार्यालयात मीच गेले.

पहिल्या खेपेला प्रतिज्ञापत्र मागितलं. दुसऱ्या खेपेला आई-वडील दोघांच्या सह्या हव्या होत्या. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या वयस्कर गृहस्थांनी कागद वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शिखा रानी में क्या बुराई है, मैडम? अच्छा-भला नाम है."

"बुराई कुछ नहीं. बस हमारी बच्ची का नहीं है."

त्यांनी माझ्याकडून नाव मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, एकेक अक्षर टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. "देख लीजिए." मी चार वेळा वाचलं.

त्या वर्षी मी पूर्वपरीक्षाही पास झाले नाही. त्या खेपांमुळे, असं दादाला वाटत असावं. मला पाहिलं की तो काही दिवस जास्तच गोड बोलायचा. खरं तर माझ्यातला अभ्यास त्याआधीच संपला होता. पुढे मी गुडगावला नोकरी धरली.

भाची आता पाच वर्षांची आहे. शाळेत तिला शिखाच म्हणतात. घरी मराठी समजते, पण उत्तरं हिंदीत देते. परवा मी तिला सोसायटीच्या बागेत घेऊन गेले होते. तिथे तिने विचारलं, "आत्या, मेरा नाम आपने रखा था?"

"हो. तुला आवडतं?"

तिने थोडा विचार केला.

"लंबा है," ती म्हणाली आणि झोपाळ्याकडे पळाली.