दुर्बिणीचा रिपोर्ट

दुर्बिणीची पेटी उघडली की चामड्याचा आणि कापराचा वास येतो, आणि मला बेळगावच्या भिंगं तपासणाऱ्या प्रयोगशाळेबाहेरचा बाक आठवतो. संकेश्वरजवळच्या साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माझे वडील, आप्पा, रोज तळ्यावर पक्षी बघायला जात. डाव्या बाजूने धुरकट दिसू लागलं, तेव्हा त्यांनी दोष दुर्बिणीला दिला आणि ती तपासायला टाकली. रिपोर्ट इंग्रजीत होता, म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. दोन्ही भिंगं निर्दोष, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. "काय लिवलंय गं?" रुमालाने डावा डोळा पुसत त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "डावं भिंग बिघडलंय." आप्पा एकदम खुलले. "बघ! आन् तुझी आई म्हणती, डोळं दाखवा!" समोरच्या गाड्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला. खरं उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत मी वर्ष घालवलं. मग डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत; गेलेली नजर परत येत नाही. रिपोर्ट अजून पेटीच्या तळाशी आहे. आता तो मराठीत असता, तरी आप्पांना वाचता आला नसता.