लाल खुणेची पुडी

चूक माझी होती आणि ती विमल मावशींनी शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर वागवली. तीन आठवड्यांपूर्वी त्या गेल्या. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात हजेरी लावत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन आला, "मावशी झोपेतच गेल्या." तेव्हा मनात आधी दुःख आलं नाही, हे कबूल करतो. सांगायचं राहिलं... एवढंच आलं.

बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत त्या समोरच राहायच्या. नवरा रेल्वेत होता; त्याच्या माघारी पेन्शनवर एकट्या, पण मजेत. रंगाच्या रिकाम्या डब्यांत गल्लीभरची भाजीची सालं कुजवून गच्चीवर वांगी, मेथी पिकवायच्या. जुडी हातात ठेवून म्हणायच्या, "खा, तुह्याच घरच्या सालीची आहे." कचरागाडी आठला येते आणि आम्ही नवरा-बायको सातला बाहेर पडतो. म्हणून आमचे ओल्या-सुक्याचे डबे मी त्यांच्या दाराशी ठेवायचो, गाडीत त्या द्यायच्या. देण्याआधी झाकण उघडून बघायच्या आणि संध्याकाळी मला गाठायच्या. "चहापत्ती सुक्यात टाकते काय कोणी? शिकलेला आहे नं तू?"

काही वर्षांपूर्वी माझ्या बाबांना रात्री डायपर लागू लागला. बाबा रेल्वेत गार्ड होते. झुपकेदार मिशा, करडा आवाज, अख्खी गल्ली वचकून असायची. "मोहल्ल्यात कळलं तर मी घर सोडीन," म्हणाले. नियमाप्रमाणे डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळा द्यायचा असतो. पण लाल खूण म्हणजे गल्लीभर दवंडीच. मी ते पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचो, चिकटपट्टी लावायचो आणि सुक्या कचऱ्यात दडवायचो. मावशी चिकटपट्टी काही सोडवत नसत.

एकदा सुट्टीमुळे घरी होतो. गाडीवरच्या संतोषी दीदीने सपाट करायला खोकं फाडलं आणि तिचे हात भरले. "मावशी, ये क्या है? हाथ से छाँटते हैं हम लोग!" डबे घेऊन आलेल्या बायका थांबल्या. शेजारची भाभी हसून म्हणाली, "मावशी के घर बच्चा हुआ है क्या?" मावशींनी एकदा आमच्या खिडकीकडे पाहिलं. मी पडद्यामागे होतो.

"हव, मेरा ही है. बुढ़ापा पूछके आता है क्या?" त्या म्हणाल्या. "गलती हो गई बेटी. कल से अलग दूँगी."

खाली जायला बारा पायऱ्या होत्या. मी गेलो नाही.

संध्याकाळी मावशी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि लाल पेन घेऊन आल्या. "यात गुंडाळत जा. ते गाडीवरची पोरगी हातानं निवडते रे."

"मावशी, मी..."

"बाबाले चहा देला का?"

दुसऱ्या दिवसापासून लाल खुणेची पुडी रोज त्यांच्या हातून, त्यांची म्हणून गेली. हळूहळू कुणाकडे गेल्या तर त्यांना सोफ्यावर बसू देईनात. बाजूला प्लॅस्टिकची खुर्ची मांडत. मला म्हणाल्या, "बरंच झालं. सोफ्यातून मले उठाले दोन माणसं लागत." त्या खरंच हसत होत्या, म्हणून मीही हसून घेतलं. मागच्या वर्षी बाबा गेले, मिशांचा दरारा शाबूत ठेवून. त्यानंतर तर लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दर रविवारी ठरवायचो, आज गल्लीला सांगायचं. मग मावशी मेथी घेऊन यायच्या, गप्पा रंगायच्या आणि तो रविवार छान जायचा. असे किती रविवार गेले...

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीच्या वेळी, मला मावशींबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. "मावशी फार प्रेमळ होत्या," म्हणालो आणि बसलो. मागे भाभी कुणाच्या तरी कानात कुजबुजली, "बेचारी को वो तकलीफ भी थी ना."

दुसऱ्या दिवशी कामावर उशिरा येतो असं कळवलं आणि आठला डबे घेऊन स्वतः खाली उतरलो. भाभी होती, बाकीच्या बायका होत्या. संतोषी दीदीने डब्यासाठी हात पुढे केला. मी डबा दिला नाही.

"दीदी, वो डायपर मावशी के नहीं थे. मेरे बाबूजी के थे. छुपाके मैंने डाले थे, और मावशी ने अपने ऊपर ले लिया. मैं खिड़की में खड़ा देखता रहा. आपसे माफ़ी माँगता हूँ... और मावशी से भी, आप सबके सामने."