वर्ग क्रमांक तीनमधली मतदार

महापालिका निवडणुकीत माझी ड्युटी दिवा स्टेशनजवळच्या एका शाळेत लागली होती. खाडीच्या पुरात चाळ पडलेली काही कुटुंबं तिथंच राहत होती. मतदानासाठी त्यांना आदल्या दिवशी वर्गांतून व्हरांड्यात हलवलेलं.

रांगेत पहिली आली ती साठीची एक बाई, चापूनचोपून साडी नेसलेली. यादीत तिचा पत्ता पडलेल्या चाळीचाच होता.

"आता कुठं राहता?" मी विचारलं.

"तुम्ही बसलात ना साहेब, तिथंच अंथरूण असतं माझं."

मी ओशाळलो. नसलेल्या घराच्या पत्त्यावर तिनं मत दिलं, शाईवर फुंकर घातली आणि दारात थांबली.

"कधी आटपेल तुमचं?"

"संध्याकाळ होईल, मावशी."

"होऊ द्या सावकाश. पाच वर्षांनी तर येता!"