मोठेबाबांच्या डोक्यावरची फवारणी

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, कुठलीही नवी गोष्ट वावरात नेऊन उभी केल्याशिवाय समजून घ्यायचेच नाहीत. मोबाईल असो, बँक असो, जावयाचा स्वभाव असो, शेवटी गाडी कपाशीवर नाहीतर तुरीवर यायचीच. मान डोलवून ते "समजलं मले" म्हणाले, की मला धडकी भरायची. कारण त्यांना एकदा समजलं, की ब्रह्मदेव आला तरी त्यात बदल नाही.

लकव्यानं उजवा हात लुळा पडला तेव्हा ते दिग्रसजवळच्या गावाहून आमच्याकडे यवतमाळला राहायला आले. चालता येत होतं, वाद तर उत्तम घालता येत होता. फक्त जेवायला ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. डाव्या हातानं खाताना कोणी पाहू नये म्हणून. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. आमच्याकडे थोरल्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगत जेवत नाही. मोठेबाबांनी जाहीर करून टाकलं, "व्याह्यायसमोर डाव्या हातानं खाऊ काय मी? मी लग्नाले येतच नाई." बहीण रडली. मी कपाळावर हात मारून घेतला.

एका दवाखान्यात चुंबकाचं यंत्र आलं होतं. डोक्याला एक जाड कडं लावतात, टकटक आवाज होतो आणि बाहेरूनच मेंदूपर्यंत परिणाम पोचतो. मी मोठेबाबांना घेऊन गेले, तर तिथल्या फिजिओथेरपीच्या ताईंनी ते कडं धरलं उजव्या बाजूला. झालं! बिघाड डाव्या मेंदूत आहे असं तुम्हीच सांगितलं ना, म्हणून मोठेबाबांनी भर दवाखान्यात त्यांची चूक काढली. ताईंनी शांतपणे समजावलं: धडधाकट अर्धा मेंदू आजारी अर्ध्याला दाबून टाकतो, यंत्रानं त्या धडधाकटाला जरा गप्प करायचं आणि लगेच हाताला कामाला लावायचं.

"म्हंजे तणनाशक मारून राह्यली तू," मोठेबाबा म्हणाले. "समजलं मले."

ताई हसून हो म्हणाल्या. आपण कशाला होकार दिला, हे त्या बिचारीला काय माहीत!

त्या दिवसापासून डोक्यावरून आंघोळ बंद. फवारणीवर पाणी पडलं तर औषध धुऊन जातं ना! बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण व्यायामही बंद. दवाखान्यात बोटं हलवल्यासारखं करायचे आणि घरी आले की हात दुपट्ट्यात बांधून गप्प बसायचे. मी विनवलं, रागावले, अबोला धरला. त्यांचं एकच उत्तर, "तणनाशक मारलेल्या वावरात तण काढाले कोणी डवरा चालवते काय?"

लग्न तोंडावर आलं आणि हात होता तिथंच. एके दिवशी ऑटोतून उतरताना माझा संयम सुटला. भर रस्त्यात म्हणाले, "तण दाबलं, पण पेरलं काय तुम्ही? रिकाम्या वावरात नुसते फवारे मारून कपाशी येते काय, मोठेबाबा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुपात तूर मागितली आणि उजव्या हातानं निवडायला बसले. पुढे लग्नापर्यंत घरभर पायाखाली तूर. झाडून झाडून माझी कंबर गेली.

लग्नात पानं वाढून झाली. व्याही थांबले होते. मोठेबाबांनी उजव्या हातात वरणभाताचा घास घेतला. हात उठला, छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. मग कोणापुढे कधी न वाकलेली ती मान हळूहळू खाली आली आणि त्यांनी घास तोंडात घेतला. अर्धा भात धोतरावर सांडला. पंगत जेवायला लागली. मी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले.

वर्षभरात दुसरा झटका आला आणि मोठेबाबा गेले. तोवर भेटेल त्याला ते सांगायचे, की डोक्याले पाणी लावलं नाई म्हणून हात आला. मी दर वेळी तावातावानं भांडायचे. आता भांडायलाही ते नाहीत, आणि मला त्यांचा अजून राग येतो.