मोरपिशी जाकिटाची जोडी

सकाळी साडेनऊला आमच्या हॉस्पिसच्या दुकानाचं दार उघडताना पायरीवर कोण उभं असणार, हे मी न बघता सांगू शकते. ग्लेनिस बटरवर्थ. पाऊस असो, बर्फ असो, ही बया हजर. आत शिरली की म्हणणार, "काय गं मॅविस, अजून आहेस का?" आणि उत्तराची वाट न बघता कपड्यांच्या दांडीला भिडणार.

भिडणार म्हणजे काय, बघणारसुद्धा नाही. मान रस्त्याकडे, तोंड माझ्याशी, आणि उजव्या हाताची बोटं दांडीवरून सरसर पुढे. "नायलॉन, नायलॉन, सुती, नायलॉन..." मध्येच बोटं थबकली की समजायचं, लोकर तरी आहे नाहीतर रेशीम. चौदा वर्षं मी या दुकानात फुकट राबतेय, मागच्या खोलीत वाफेची इस्त्री धरून. तिची बोटं चुकलेली एकदाही पाहिली नाहीत.

आमचं क्रॉसबेक म्हणजे यॉर्कशरच्या डोंगरात एक रस्ता, आणि त्या एका रस्त्यावर दानात आलेले जुने कपडे विकून चांगल्या कामाला पैसा देणारी चार दुकानं. आमचं हॉस्पिसचं, म्हणजे शेवटच्या दुखण्यातल्या माणसांची सेवा करतात त्यांचं. एक बेवारशी मांजरांचं, एक हृदयरोग्यांचं, आणि एक समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवतात त्यांचं. समुद्र इथून साठ मैल लांब आहे. पण असो.

ग्लेनिसने नवा कपडा विकत घेतलेला गावात कुणाला आठवत नाही. नवरा तरुणपणीच गेला, पदरात लॉरेन ही एकच मुलगी, तेव्हा गरजेपोटी सुरू झालं आणि पुढे तिला त्याचा नादच लागला. पण बाई राहते कशी म्हणाल, तर आमच्यात तिच्याइतकं झोकात कुणी राहत नाही. एकतीस वर्षं ब्रेसवेलच्या मोठ्या दुकानाच्या दर्शनी काचा तिनेच सजवल्या. ते दुकान बंद पडलं, हिची नजर शाबूत राहिली.

शल्य एकच. लॉरेन नऊ वर्षांची असताना ग्लेनिसने तिला लाल कोट आणला होता, जुनाच, पण देखणा. पोर मिरवत शाळेत गेली. मैदानात एक मुलगी सगळ्यांसमोर ओरडली, "ए, हे माझं आहे! माझ्या आईने टाकून दिलेला कोट आहे हा!" अख्खी शाळा हसली. त्या दिवसापासून लॉरेनने जुन्या कपड्याला हात लावला नाही. आता ती लीड्सला मोठ्या घरात राहते, रुमालसुद्धा नवा कोरा घेते.

तर या लॉरेनच्या मुलीचं, ब्रायोनीचं, जून महिन्यातल्या एका शनिवारी आमच्याच चर्चमध्ये लग्न ठरलं. मुलाकडचे ॲस्क म्हणजे गावातलं जुनं घराणं. लग्नाला आठवडा असताना ग्लेनिसला लीड्सहून एक खोका आला. ती तो घेऊन तशीच माझ्याकडे आली. आत एक झगा, ओटच्या रंगाचा, आणि चिठ्ठी: 'आई, एवढं ऐक. मेलेल्या माणसांचे कपडे घालून येऊ नकोस.'

"यात मी लापशीसारखी दिसते गं," ग्लेनिस म्हणाली.

"मग घालू नकोस. सांग तिला, चूल दाखवली म्हणून."

"तसं कसं? तो कोट मीच आणला होता ना मॅविस?" असं म्हणून ती खाली बसली. ग्लेनिस दुकानात कधी बसत नाही. मग म्हणाली, "असं काहीतरी सापडलं पाहिजे की बघून लॉरेनला लाज वाटायला जागाच राहणार नाही. नाही सापडलं तर शनिवारी लापशी. मुकाट्याने."

सोमवारी तिची बोटं थबकली. जाकीट होतं, मोरपिशी रंगाचं, लोकरीचं, हाताने शिवलेलं. बटणांवर तेच कापड मढवलेलं, आत जांभळं अस्तर. तिसरं बटण तेवढं कुणीतरी काळ्या दोऱ्याने, लहान मुलासारखे वेडेवाकडे टाके घालून लावलेलं. मी कात्री घेतली तशी तिने माझा हात धरला. "राहू दे. कुणाच्या तरी हातचं आहे." जाकीट तिच्या अंगावर असं बसलं की माझ्या तोंडून शीळ निघाली.

"झालं की तुझं काम," मी म्हटलं.

"डोंबल झालं! असं जाकीट एकटं जन्माला येत नाही. याचा स्कर्ट आहे. याच रस्त्यावर आहे."

बरोबर होतं तिचं. आमच्या गावाला एक खोड आहे. घरातलं माणूस गेलं की कपाट रिकामं करतात आणि कुणाला वाईट वाटायला नको म्हणून चारही दुकानांना सारख्या पिशव्या वाटतात. न्यायाने! मग एक बूट आमच्याकडे येतो आणि दुसरा साठ मैल लांबच्या समुद्राकडे. वरून लोक आम्हालाच विचारतात, एका पायाचा बूट विकायला ठेवता होय?

सोमवार, मंगळवार, बुधवार ग्लेनिसने तिन्ही दुकानं पालथी घातली. न उघडलेल्या पिशव्यासुद्धा तिने विनवण्या करून उपसायला लावल्या. काही नाही. गुरुवारी सकाळी ती धापा टाकत आली. "मॅविस, कोट चढव. मांजरांकडे आहे!"

मांजरांच्या दुकानाच्या दर्शनी काचेत, पुतळ्याच्या कमरेला तोच मोरपिशी स्कर्ट. आणि वर काय घातलं होतं त्या शहाण्यांनी? पिवळंधमक स्वेटर. माझं तर डोकंच उठलं.

पण ऑड्रीला मी ओळखून आहे. मांजरांच्या दुकानाची ती मॅनेजरीण, आणि नियम म्हणजे तिचा देव. काचेत मांडलेली वस्तू मांडणी बदलेपर्यंत काढायची नाही, हा सगळ्याच दुकानांचा नियम. पण आम्ही माणूस बघून वाकवतो, ऑड्री वाकत नाही.

"मांडणी आता सोमवारी बदलणार," ती म्हणाली. "सोमवारी या."

"अगं बये, हिच्या नातीचं लग्न शनिवारी आहे!" मी खेकसले.

"स्कर्ट काल संध्याकाळी धुलाईहून आला, तेव्हाच मांडलाय. आज एकीला दिलं तर उद्या दहा जणी येतील. आणि मॅविस, तुमच्या दुकानात काय चालतं ते मला सांगू नकोस."

मी बाह्या सरसावल्याच होत्या. ग्लेनिसने मला कोपराने मागे सारलं. "ऑड्री, मांडणी बदलल्यावर देशील ना?"

"बदलल्यावर देईन की. नियमच आहे तो."

"मग आजच बदलू. मी बदलते."

ऑड्री हसणार होती, पण मध्येच थांबली. "ब्रेसवेलच्या काचा... त्या तुम्ही करायच्या? नाताळातली ती कागदी हरणं?"

"दोरे बांधता बांधता बोटं सोलवटायची."

"मी शाळेतून येताना नाक चिकटवून उभी राहायचे तिथे," ऑड्री म्हणाली आणि किल्ली काढून दिली.

मग काय विचारता! ग्लेनिसने बूट काढले आणि मोज्यांवर काचेत चढली. ते पिवळं स्वेटर आधी बाहेर भिरकावलं. जुन्या टोप्या, एक फुटकी बाहुली, पडद्याची झालर, जे हाताला लागेल ते घेत गेली. दुपारपर्यंत फुटपाथवर माणसं उभी राहिली. कसाई दुकान सोडून बघायला आला. स्कर्ट पिशवीत घालून बाहेर पडलो तेव्हा आत चार जणी टोप्यांवरून भांडत होत्या. ऑड्रीला आनंद लपवता येत नव्हता. मला जरा झोंबलंच ते, खरं सांगते.

स्कर्ट कमरेत तंग निघाला. शुक्रवारी माझ्या मागच्या खोलीत तिने शिवण उसवली, मी वाफ दिली.

शनिवारी मी चर्चच्या दारात जागा धरून उभी होते. आमच्याकडे लग्न बघायला आमंत्रण लागत नाही. ग्लेनिस फाटकातून आली आणि माणसं बाजूला झाली, आपोआप. लॉरेनने पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी लापशीचा शोध, मग राग, आणि मग नजर त्या सुटावरून हटेना. तेवढ्यात लग्न लागायची वेळ झाली.

बाहेर फोटो काढताना मुलाची आजी, रोझलिंड ॲस्क, काठी टेकत ग्लेनिसच्या समोर आली. जाकिटाकडे बघितलं. तिसऱ्या बटणावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, "हे माझ्या आईचं आहे!"

 मी लॉरेनकडे पाहिलं. पन्नाशीची बाई, पण चेहरा नऊ वर्षांच्या पोरीचा झाला होता, पांढराफटक. ग्लेनिसने डोळे मिटले.

"हे बटण मी लावलं होतं," म्हातारी म्हणाली. "सहा वर्षांची होते. पुढे माझ्या लग्नात आईने हाच सूट घातला होता, याच चर्चमध्ये. मार्चमध्ये ती गेली. पिशव्या वाटून घरी आले आणि लक्षात आलं, जाकीट हॉस्पिसला दिलं, स्कर्ट मांजरांना. आईची जोडी मीच मोडली. परत मागायची लाज वाटली. आता कायमची गेली म्हणून रडत बसले होते." तिने ग्लेनिसचे दोन्ही हात घट्ट धरले. "परत जुळवून कुणी आणली हो ही?"

 उत्तर आलं मागून.

"माझ्या आईने," लॉरेन म्हणाली. गर्दीतून पुढे आली आणि आईच्या दंडात हात घातला. "जुन्या कपड्यांच्या दुकानांतून. सगळं तिथूनच आणते ती. मला लहानपणी एक लाल कोट आणला होता. इतका सुंदर कोट मी पुन्हा कधी घातला नाही."

मी रडले नाही. जूनमध्ये माझे डोळे चुरचुरतातच.

सोमवारी साडेनऊला दार उघडलं तर पायरीवर दोघी. ओटच्या रंगाचा झगा ग्लेनिसने सकाळी सकाळी दान म्हणून माझ्या हातात दिला, मी तो लगेच वाफ देऊन दांडीवर टांगला. तोवर लॉरेन आईचं बघून मान रस्त्याकडे वळवून उभी राहिली आणि बोटं सरकवायला लागली. हळूहळू, घाबरत. एका कपड्याशी थांबली, चिमटीत धरून चोळला आणि तोंड वाकडं केलं.

"नायलॉन," ती म्हणाली आणि वळून बघते तर तिचाच झगा.