कॉम्प्युटरचा विटाळ

आमच्या कोपरखैरण्याच्या घरात कॉम्प्युटर आला तो बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातून, आणि दादासाठी. दादा बेलापूरला सरकारी ऑफिसात लागला होता. कॉम्प्युटर येत असेल तर प्रमोशन लवकर मिळतं, असं त्याने बाबांच्या गळी उतरवलं होतं. प्रत्यक्षात त्या खुर्चीवर दिवसभर बसायचे मी. वाशीला क्लास लावून मी मराठी टायपिंग शिकले होते आणि बोनकोड्याच्या एका प्रेसवाल्या काकांनी मला पहिलं काम दिलं होतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीसाठी आरत्यांची पुस्तिका. ती वेळेत आणि बिनचूक झाली तर प्रेसचं सगळं टायपिंग माझ्याकडे येणार होतं. "पोरी, तुजा हात साफ हाय," काका म्हणाले होते, "पन गनपती काय कुनासाठी थांबनार नाय." नाहीतर काय? एका वर्षात दोन स्थळं बघून झाली होती, आणि तिसऱ्यात मला उजवून टाकायचं असं घरात ठरल्यातच जमा होतं. हातात काम असेल तर मी थांबा म्हणू शकणार होते. माझं सगळं त्या पुस्तिकेवर होतं.

गणपतीला सव्वा-दीड महिना असेल. मी संध्याकाळी मशीन चालू केलं, फाइल उघडली, आणि बघते तर आरत्या गायब! म्हणजे पानं होती, ओळी होत्या, पण मराठीचं एक अक्षर नाही. सगळीकडे इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, नुसती खिचडी. मी डोळे चोळते आहे तोवर सीडीचा ट्रे आपोआप बाहेर आला. आत गेला. परत बाहेर आला.

"अगो बाई, हे तोंड उघडतंय बघ!" आत्या ओरडली.

ही आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. मोतीबिंदूचं ऑपरेशन वाशीला करायचं म्हणून कोकणातून आली होती, ते नुकतंच झालं होतं, आणि आता गणपतीपर्यंत राहणार होती. दादा सोफ्यावरून उठून आला, जरा टकमक बघितलं आणि म्हणाला, "व्हायरस आहे."

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे बाहेरून काहीतरी लागतं मशीनला. एकाचं दुसऱ्याला लागतं. दिसत नाही."

बस्स. आत्याला एवढंच हवं होतं. तिने माझ्याकडे वळून, काळ्या चष्म्याआडून, सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय गो, तू कालपासून बाजूला बसतेस ना? आणि त्याला शिवलीस?"

मला काही सेकंद समजलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. मग समजलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. दोन खोल्यांच्या घरात पाळी लपवायची कुठे? देवाला हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीला नाही, एवढं आमच्याकडे होतंच. आत्याचं म्हणणं असं की गेल्या दसऱ्याला बाबांनी कॉम्प्युटरवर कुंकवाचं स्वस्तिक काढून, झेंडूची माळ घालून पूजा केली, तेव्हापासून तो देवातच जमा. त्यात मी करत होते काय, तर आरत्या! "व्हायरस का फायरस, त्यालाच आम्ही विटाळ म्हणतो," ती म्हणाली.

आता या घरात एक माणूस होता ज्याला हे वेडगळ आहे हे पक्कं माहीत होतं. डिप्लोमा झालेला, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. मी दादाकडे बघितलं. दादाने पेपर उचलला आणि क्रीडा पान काढून त्यात तोंड घातलं.

आई आत गेली. बाबा तसे वाईट नव्हते, पण बहिणीपुढे त्यांची जीभ टाळूला चिकटायची. "चार दिवस नको लावूस हात," ते म्हणाले. "बिघडतं काय? आणि नाहीच जमलं तर विकून टाकू, डोक्याला ताप नको."

बिघडतं काय! माझं काम जाईल, बाबा, ते बिघडतं! हे मी मनात नाही, मोठ्याने बोलले. दुसऱ्या दिवशी मी आंघोळीहून येते तर आत्या कीबोर्डवर गोमूत्र शिंपडत होती. त्यानंतर स्पेसबार दाबला की खालीच बसायचा. म्हणजे व्हायरस होता तो होताच, वर हे.

चार दिवस झाल्यावर मी क्लासच्या सरांकडून अँटीव्हायरसची फ्लॉपी आणली. सरांनी पहिल्यांदा धीर दिला. माझा मजकूर गेलेला नव्हता, फक्त मराठी फॉन्टच्या फाइली त्या किड्याने खाल्ल्या होत्या. फॉन्ट परत टाकला की अक्षरं परत. मग त्यांनी त्याचं नाव सांगितलं, ट्रोजन. "हा आपणहून येत नाही हं," ते म्हणाले. "खेळाबिळाच्या वेषात येतो. कुणीतरी हौसेने घरात घेतं, मग तो आतून दार उघडतो."

मी फ्लॉपी चालवली, किडा मारला, फॉन्ट टाकला. आरत्या परत मराठीत आल्या तेव्हा मला रडू फुटलं. दोन दिवसांनी परत तीच खिचडी, परत ट्रेचं नाचणं. परत मारला. रविवारी प्रूफ घेऊन बोनकोड्याला जाऊन आले, तर परत खिचडी! काका म्हणाले होते, "अजून अर्धीच? मना कागद कापाचा हाय, पोरी. नायतर सांग, दुसऱ्याला देतो." आणि इकडे आत्याचं चालूच, एकदा लागलं की असं सुटत नाही गो, म्हणून. जसं काही मीच त्या मशीनच्या पोटात बसले होते.

तिसऱ्यांदा मी सरांनाच फोन केला. ते म्हणाले, मशीन स्वतःच्या डिस्कवरून चालू केलंस की तो तुझ्याआधी जागा होतो. स्वच्छ फ्लॉपीवरून चालू कर, आणि तो कुठे सापडतो ते वाच. तसं केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकत राहिल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. फाइलचं नाव होतं क्रिकेट. दिवस कालचा, रविवारचा, मी घरात नव्हते तेव्हाचा. मी बटण दाबून ट्रे उघडला. आत सीडी. वर स्केचपेनने दादाच्या ऑफिसातल्या मित्राचं अक्षर.

म्हणजे मी मारत होते आणि हा पठ्ठ्या माझ्या माघारी बसून मॅच खेळत होता! प्रत्येक वेळी नवा किडा घरात घेत होता!

दादा आल्या आल्या सीडी त्याच्यापुढे धरली. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, हे मी आजही विसरलेले नाही. "हळू बोल ना," तो म्हणाला. "बाबा ऐकतील."

"तुला माहीत होतं?"

"डाउट होता. पण आत्या आधीच बोलून बसली होती, मग मी कशाला... जाऊ दे ना यार, एवढं काय टेन्शन घेतेस? तुला कुणी मारलं का?"

नाही, मारलं नाही. नुसतं सगळ्यांच्या देखत माझ्या अंगाला घाण म्हटलं, आणि खरी घाण खिशात घालून आणणारा ऐकत बसला. मी सीडीचे दोन तुकडे केले आणि सरळ बाबांकडे जाऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "अगं, तो दमून येतो. थोडा खेळला तर..." आणि आत्या? खेळातून रोग लागतो यावर तिचा विश्वास बसला नाही. पुरुषमाणूस शिवल्याने कधी काही बिघडतं का? विषय संपला. माझ्यावरचं खापर मात्र तसंच राहिलं.

पुस्तिकेची मागची अर्धी पानं बाकी होती आणि पुढची पाळी नेमकी त्याच आठवड्यात आली. त्या वेळी मी घरात कुणालाही सांगितलं नाही. बाजूला बसले नाही, चेहरा पडू दिला नाही, पोट आवळून चारही दिवस त्या चिकट स्पेसबारवर टाइप करत राहिले. कधी नव्हे इतकं काळजीपूर्वक. शेवटच्या मंत्रांतलं एकेक जोडाक्षर मी तीनतीनदा तपासलं. कॉम्प्युटरने तोंडातून ब्र काढला नाही. पुस्तिका वेळेवर गेली. काकांनी प्रूफ चाळलं आणि तिथल्या तिथे लग्नपत्रिकांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला.

गणपतीच्या पहिल्या संध्याकाळी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये सगळी सोसायटी जमली. दादा आरतीचं ताट घेऊन पुढे, कपाळाला लांबलचक टिळा. आत्या माझ्या शेजारी. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ती पुस्तिका वाचत होती आणि खूश होती. दोन आरत्यांच्या मध्ये, झांजा जरा थांबल्या तेव्हा, ती म्हणाली, "किती स्वच्छ गो अक्षर! एक काना चुकलेला नाही."

"आत्या," मी म्हटलं, कुजबुजत नाही, साध्या आवाजात, "आता जी आरती येईल, तिथपासून शेवटपर्यंत सगळं मी माझ्या त्या चार दिवसांत टाइप केलंय. पहिल्या दिवशी सुरू केलं, चौथ्या दिवशी संपवलं."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या पानाकडे. तेवढ्यात झांजा वाजल्या आणि पुढची आरती सुरू झाली. सुरू झालेली आरती मध्येच सोडता येत नाही. देवाची पुस्तिका जमिनीवर ठेवता येत नाही. आणि ही आरती तिला पाठ नव्हती.

आत्या माझ्या अक्षरांवर बोट ठेवून गात राहिली. मीही तिच्या शेजारी उभी राहून मोठ्याने गायले. शेवटचा मंत्र झाला, फुलं वाहून झाली, तेव्हा तिने पुस्तिका मिटली आणि, जन्मभराची सवय, दोन्ही हातांनी कपाळाला लावली.